भावाचा खांदा पुन्हापुन्हा निखळतोय, वाटीचं हाड झिजलंय म्हणतात – ‘लॅटरजेट’ करून घ्यावी का?

कृष्णाकाठ – ३ जून, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. इथले आरोग्याचे धागे नेहमी वाचते, लिहिते पहिल्यांदाच.

माझा धाकटा भाऊ २२ वर्षांचा. आठवीपासून कबड्डी खेळतो, उजवा कोपरा सांभाळतो. अठराव्या वर्षी एका सामन्यात घोट्याची पकड करायला त्याने सूर मारला, चढाईपटू निसटून मध्यरेषेकडे पळाला आणि याचा लांब केलेला हात तसाच ओढला जाऊन उजवा खांदा निखळला. मैदानावरच एका जाणत्या माणसाने काखेत टाच देऊन हात ओढला आणि खांदा बसवला. एक्स-रे कुणी काढला नाही. तीन आठवड्यांत पोरगं पुन्हा मॅटवर.

त्यानंतर आठ-नऊ वेळा तरी निखळला असेल. दोन वर्षांपूर्वी एका शहरात दुर्बिणीची शस्त्रक्रिया केली. आतली फाटलेली गादी शिवली म्हणून सांगितलं. तेव्हा एमआरआय झाला होता, सीटी स्कॅन नाही. सात महिने बरे गेले. मग एसटीत वरची दांडी धरून उभा होता, ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि खांदा सटकला. गेल्या महिन्यात तर झोपेत कूस बदलताना निखळला. रात्री दोनला त्याची हाक ऐकून मी उठले. तो पलंगाच्या कडेला उजवं कोपर डाव्या हाताने तोलून बसला होता. खांद्याची गोलाई नाहीशी होऊन तिथे टेबलाच्या कोपऱ्यासारखा कोन दिसत होता. ते दृश्य डोळ्यांपुढून जात नाही.

नवे डॉक्टर म्हणतात की वाटीचं हाड झिजलंय, आता नुसतं शिवून भागणार नाही, ‘लॅटरजेट’ करावी लागेल. खांद्यापाशीच असलेलं एक हाड कापून दुसरीकडे स्क्रूने बसवतात म्हणे. आई ऐकूनच घाबरलीय. बाबांचं म्हणणं, एकदा फसलो, आता पोराला पुन्हा सुरी लावू देणार नाही. कुणी ही शस्त्रक्रिया करून घेतली आहे का? खरं काय ते सांगा.

डावा कोपरा – ४ जून, सकाळी ७:०५

ताई, एसटीची दांडी वाचून अंगावर काटा आला. माझी हीच शस्त्रक्रिया झाली त्याला सहा वर्षं झाली. मीही जिल्ह्याच्या संघातून खेळायचो.

दुखण्यापेक्षा भीती जास्त छळते. बनियन काढताना, फळीवरचा डबा काढताना, झोपेत हात उशीवर गेला तरी मन आधी खांद्याकडे धावतं. तुमचा भाऊ हे घरात बोलत नसेल, पण रोज भोगत असेल.

पहिले दहा दिवस त्रास झाला, रात्री आरामखुर्चीत बसून झोपायचो. काखेच्या पुढच्या घडीजवळ तीन बोटांएवढा व्रण आहे. तेव्हापासून खांदा एकदाही निखळलेला नाही. पण तोटाही सांगतो. हात बाहेरच्या बाजूला पूर्वीइतका वळत नाही. क्रिकेटमध्ये सीमारेषेवरून फेकलेला चेंडू आधीसारखा यष्टीपर्यंत पोचत नाही. मला ते चाललं.

डॉक्टरांना एकच विचारा: हाड किती गेलंय, टक्क्यांत सांगा. ते मोजल्याशिवाय कुणालाही हो म्हणू नका.

घाटवाट – ४ जून, सकाळी ९:४०

माझं मत वेगळं आहे. माझ्या आतेभावाचा खांदा पस्तिशीत निखळला होता. सहा महिने व्यायाम केला, आज ठणठणीत आहे. आधी नीट व्यायाम करून बघा. एकदा कापलेलं पूर्ववत होत नाही.

कृष्णाकाठ – ४ जून, दुपारी १:१५

घाटवाट, व्यायाम तो चार वर्षं करतोय. रबरी पट्ट्या दाराच्या कडीला बांधून रोज सकाळी. त्याच्या कष्टात कमतरता नाही, म्हणून तर जीव तुटतो.

अस्थिवेध – ४ जून, रात्री १०:३०

मी अस्थिशल्यचिकित्सक आहे, खांद्याचंच काम जास्त करतो. नेटवरून उपचार सांगता येत नाहीत, पण घडलंय काय ते समजावून सांगू शकतो. (‘लॅटरजेट’मधल्या शेवटच्या ‘ट’चा उच्चार करत नाहीत. लियाँचे मिशेल लातार्जे यांनी १९५४ साली ही पद्धत मांडली, त्यांचं नाव. आपल्याकडे सगळे लॅटरजे म्हणतात.)

खांद्याला उखळीचा सांधा म्हणतात, पण ही उखळ फार उथळ आहे. तुम्हाला सांगितलेली ‘वाटी’ ती हीच. बशी म्हणा. बशीवर चेंडू, म्हणजे दंडाच्या हाडाचं गोल डोकं, टेकलेला आहे आणि काठाला रबरी पट्टी लावलेली आहे. ती पट्टी म्हणजे लॅब्रम, तुम्हाला सांगितलेली ‘गादी’. चेंडू पुढे निसटला की पुढच्या काठावरची पट्टी उचकटते. बँकार्ट या इंग्रज शल्यविशारदांनी १९२३ साली या दुखापतीवर लिहिलं, म्हणून ती शिवण्याला बँकार्ट रिपेअर म्हणतात. भावाची पहिली शस्त्रक्रिया बहुधा हीच असावी.

पण प्रत्येक वेळी निखळताना आणखी एक गोष्ट होते. बशीचा काठ आणि चेंडूची मागची बाजू एकमेकांवर आदळतात. काठ कठीण, चेंडूचं हाड मागून मऊ. चेंडूला खळगा पडतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या हिल आणि सॅक्स या क्ष-किरणतज्ज्ञांनी १९४० साली तो नीट वर्णन केला. इकडे काठाचाही टवका उडतो, किंवा तो घासून घासून बोथट होतो. निरोगी बशी समोरून नासपतीसारखी दिसते, वर निमुळती आणि खाली रुंद. पुढचा काठ बराच गेला की ती उलट्या नासपतीसारखी दिसायला लागते. टवका उडालेल्या बशीला नवी रबरी पट्टी लावली तरी चेंडू त्याच जागेवरून घरंगळणार.

२००० साली अमेरिकेतले बर्कहार्ट आणि केप टाऊनचे डी बीअर यांनी दुर्बिणीतून लॅब्रम शिवलेल्या १९४ रुग्णांचा हिशोब मांडला. मोठी हाडझीज नव्हती त्यांच्यात पुन्हा निखळण्याचं प्रमाण ४ टक्के. होती त्यांच्यात ६७ टक्के. धडकाधडकीचे खेळ खेळणारे वेगळे काढले तर हाड झिजलेल्यांपैकी ८९ टक्क्यांचा खांदा पुन्हा निखळला. हे खेळाडू बहुतेक दक्षिण आफ्रिकेचे रग्बीपटू होते. रग्बीत आणि कबड्डीत खांद्याचे हाल सारखेच होतात.

घाटवाट, तुमच्या आतेभावाचं उदाहरण खरं आहे. पस्तिशीत, एकदाच निखळलेला, मैदानी खेळ नाही, तिथे व्यायाम हाच पहिला उपाय. अठराव्या वर्षी निखळून पुन्हा खेळायला गेलेल्या मुलाची गोष्ट वेगळी. स्नायू व्यायामाने वाढतो, गेलेला काठ उगवत नाही. आणि झोपेत कूस बदलताना खांदा जातो, तेव्हा हाड बरंच गेल्याची शंका घ्यायलाच हवी.

आता सीटी करा. साधा नको. चेंडू पुसून टाकून नुसती बशी समोरून दाखवणारी त्रिमितीय चित्रं मागून घ्या.

जुनी तालीम – ५ जून, सकाळी ६:५०

काखेत टाच देऊन खांदा बसवण्याची पद्धत आमच्या तालमीतही होती. वस्ताद तसंच करायचे. पुढे वाचनात आलं की ही पद्धत हिपोक्रेटिसच्या नावाने ओळखली जाते. पुन्हा पुन्हा निखळणाऱ्या खांद्याला तो काखेत तापल्या लोखंडाने डाग द्यायचा. म्हणजे हे दुखणं अडीच हजार वर्षांपूर्वीच्या मल्लांनाही होतं. वस्तादांनी बसवून दिलं की पोरं दुसऱ्या दिवशी आखाड्यात यायची, याचं आज वाईट वाटतं. आम्हाला कुणी सांगितलंच नाही की प्रत्येक वेळी हाडाची थोडी थोडी किंमत मोजली जाते.

अस्थिवेध – ५ जून, रात्री ९:१०

अगदी खरं. एक भर घालतो: मैदानावरच बसवण्यापेक्षा आधी एक्स-रे काढणं कधीही चांगलं. हाड मोडलेलं असलं आणि ओढाओढ झाली तर मोडलेला तुकडा जागचा हलतो, काखेतल्या शिरेलाही इजा होऊ शकते.

कृष्णाकाठ – १२ जून, संध्याकाळी ६:००

सीटी झाला. रेडिओलॉजिस्टकडे तासभर बसून चित्रं समजून घेतली. बशीच्या खालच्या भागावर त्यांनी एक वर्तुळ बसवून दाखवलं. पुढच्या बाजूला वर्तुळाच्या आत हाडच नव्हतं, अर्धवट चंद्रासारखी रिकामी जागा. वर्तुळाचा व्यास २८ मिमी, गेलेलं हाड ६ मिमी. चेंडूच्या मागचा खळगा आणि त्याच्या बाहेरची हाडाची पट्टी मिळून २० मिमी. याचा अर्थ काय?

अस्थिवेध – १२ जून, रात्री ११:४५

६ भागिले २८, म्हणजे साधारण २१ टक्के. पूर्वी २० ते २५ टक्क्यांच्या पुढे गेलं की हाड बसवायचं असा दंडक होता. २०१५ साली अमेरिकी सैन्यातल्या रुग्णांवरचा एक अभ्यास आला. त्यात १३.५ टक्क्यांपासूनच लोकांचा खांद्यावरचा भरवसा उडालेला दिसला, निखळला नसला तरी.

पण काठ आणि खळगा एकत्रच मोजावे लागतात. हात वर नेऊन बाहेर वळवला की बशी चेंडूच्या मागच्या भागावर एक पट्टा आखत सरकते. जपानमधल्या यामामोतो आणि इतोई यांनी २००७ साली ही कल्पना मांडली. २०१४ साली दी जाकोमो, इतोई आणि बर्कहार्ट यांनी त्याचं गणित सोपं करून दिलं. पट्ट्याची रुंदी म्हणजे बशीच्या व्यासाचे ८३ टक्के, त्यातून गेलेलं हाड वजा.

भावाचं गणित: २८ चे ८३ टक्के २३.२. त्यातून ६ गेले, उरले १७.२ मिमी. खळग्याचा पसारा २० मिमी. तो पट्ट्याबाहेर पडतो, म्हणजे गाडी रुळावरून घसरते. हात वर गेला की काठ खळग्यात अडकणार आणि खांदा बाहेर येणार. काठ भरून काढला तर पट्टा परत २३.२ होतो, २० त्यात मावतो.

नव्या डॉक्टरांचा सल्ला मला योग्य वाटतो. पहिल्यांदा सीटी झाला असता तर हा प्रश्न तेव्हाच समोर आला असता.

डोंगरमाथा – १३ जून, सकाळी ८:३०

माझा खांदाही तीनदा निखळलाय, पण सीटीत बशी जवळजवळ शाबूत आहे, खळगाच मोठा आहे. मलाही हाड बसवावं लागेल का?

अस्थिवेध – १३ जून, रात्री १०:००

बहुधा नाही. अशा ठिकाणी लॅब्रम शिवताना मागचा एक स्नायूबंध खळग्यातच शिवून टाकतात. ‘रेम्प्लिसाज’ म्हणतात, फ्रेंचमध्ये भरणं. तुमच्या डॉक्टरांकडून रुळाचं गणित करून घ्या.

कृष्णाकाठ – १३ जून, रात्री ११:१५

डॉक्टर, शस्त्रक्रियेत नेमकं काय करतात? आईला माझ्या तोंडून समजावायचंय.

अस्थिवेध – १५ जून, रात्री १०:२०

आईंना त्यांच्याच खांद्यावर दाखवा. गळपट्टीच्या हाडाच्या बाहेरच्या टोकाखाली, जरा पुढे, बोट दाबलं की एक कठीण उंचवटा लागतो. दुखतो जरासा. ते कोराकॉइड. कावळ्याच्या चोचीसारखा आकार म्हणून हे नाव. त्याच्या टोकाला दंडाचे दोन स्नायू चिकटलेले असतात.

या चोचीचा साधारण अडीच सेंटिमीटरचा तुकडा स्नायूंसकट मोकळा करतात. बशीच्या पुढे एक स्नायू पडद्यासारखा आडवा असतो. तो तोडत नाहीत, त्याचे तंतू फाकवून वाट करतात. मग तो तुकडा झिजलेल्या काठावर ठेवून दोन स्क्रूंनी घट्ट करतात. तीन फायदे होतात. काठ रुंद होतो. हात वर जाऊन बाहेर वळला की तुकड्याबरोबर आलेले स्नायू चेंडूसमोर झोळीसारखे ताणले जातात. आणि सांध्याचं आवरण चोचीवरच्या कापलेल्या बंधाच्या उरलेल्या शेपटाला शिवून पक्कं करता येतं. फ्रान्सच्या पात यांनी याला तिहेरी अडसर म्हटलं. मला स्वतःला यातली झोळी सर्वांत महत्त्वाची वाटते. कमरेचं हाड आणून लावलं तर काठ मिळतो, झोळी मिळत नाही.

उघडी करायची की दुर्बिणीतून, यावर अडून बसू नका. लाफॉस यांनी २००७ साली दुर्बिणीची पद्धत प्रसिद्ध केली. ती अवघड आहे. ज्या डॉक्टरांचा हात ज्या पद्धतीत बसलाय, त्या पद्धतीने करू द्या.

धोके लपवणार नाही. कोपर वाकवणाऱ्या स्नायूची नस आणि खांदा उचलणाऱ्या स्नायूची नस, दोन्ही अगदी शेजारून जातात. ओढल्या गेल्या तर काही काळ बधिरपणा किंवा अशक्तपणा येतो, क्वचित कायमचा. तुकडा बशीच्या पातळीतच बसला पाहिजे. थोडा बाहेर आला तर चेंडू त्यावर घासून पुढे संधिवात होतो, आत राहिला तर खांदा पुन्हा निखळू शकतो. हाड न जुळणं, विरघळणं, स्क्रू टोचणं, जंतुसंसर्ग हेही होतं. म्हणून विचारा: तुम्ही अशा किती केल्या आहेत? प्रामाणिक डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

आणि भाऊ तंबाखू खातो का?

कृष्णाकाठ – १६ जून, दुपारी ३:३०

मळून खातो. संघातली निम्मी मुलं खातात.

अस्थिवेध – १६ जून, रात्री ९:००

आजपासून बंद. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड जुळायला रक्त लागतं. स्क्रू तुकडा धरून ठेवतात, पण जुळायचं काम शरीरालाच करायचं असतं.

प्राजक्तसडा – १७ जून, सकाळी ११:१०

माझ्या नवऱ्याची गोष्ट सांगते, कुणाला उपयोग होईल. त्यांना फिट यायच्या आणि प्रत्येक फिटमध्ये खांदा निखळायचा. त्यांची बशी इतकी गेली होती की चोचीचा तुकडा पुरणार नाही म्हणाले, कमरेचं हाड काढून बसवलं. पण त्याआधी डॉक्टरांनी एक अट घातली: मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाऊन फिट पूर्ण आटोक्यात आणा. आम्हाला तेव्हा राग आला होता, खांदा दुखतोय आणि हे औषधांचं बोलतात. आज पटतं. एक फिट आली असती तर स्क्रूसकट सगळं उखडलं असतं. ज्यांच्या घरी फिटचा रुग्ण आहे त्यांनी एकही गोळी चुकवू नका.

डावा कोपरा – १७ जून, दुपारी १२:४५

ताई, पैशांचंही बघा. स्क्रू, भूल, राहणं, फिजिओ सगळ्याचा अंदाज आधी लेखी घ्या. सरकारी योजनेत बसतं का ते योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला कागदपत्रांसकट जाऊन विचारा, ऐकीव माहितीवर राहू नका. मेडिकल कॉलेजच्या अस्थिरोग विभागातही चौकशी करा.

कृष्णाकाठ – २८ जून, रात्री ९:५०

दुसरं मतही घेतलं, तेही हेच म्हणाले. बाबांना मी सीटीचं चित्र कागदावर काढून दाखवलं. स्वयंपाकघरातून टवका उडालेली बशी आणली, तिच्यावर लिंबू ठेवलं आणि तुटलेल्या बाजूला जरा कलती केली. लिंबू घरंगळलं. बाबा बराच वेळ बशीकडे बघत राहिले आणि म्हणाले, “तारीख घे.” २ जुलैला आहे.

हालचाल – २९ जून, सकाळी ७:३०

मी फिजिओथेरपिस्ट आहे. घरच्यांनी आधी तयारी करून ठेवा. पुढून बटणाचे शर्ट काढून ठेवा. घालताना शस्त्रक्रियेचा हात बाहीत पहिला, काढताना शेवटी. झोपताना कोपराखाली गोधडीची घडी, म्हणजे दंड मागे पडत नाही. काख धुताना पुढे वाकून हात नुसता लोंबू द्यायचा, उचलायचा नाही.

साधारण तीन-चार आठवडे हात गळ्यातल्या झोळीत, पण बोटं आणि मनगट पहिल्या दिवसापासून हलवायची. सहा आठवडे उजव्या हाताने काहीही उचलायचं नाही, पाण्याची बादली तर नाहीच. कोपर जोर लावून वाकवलं की तेच स्नायू नव्या हाडाला ओढतात. हात बाहेर वळवायचा व्यायाम डॉक्टर सांगतील तेव्हाच. उतावळी मुलं तिसऱ्या आठवड्यात दुखणं कमी झालं की हात फिरवून बघतात. दुखणं कमी झालं म्हणजे हाड जुळलं असं नाही, हे त्याला रोज सांगा.

कृष्णाकाठ – ६ जुलै, रात्री ८:१५

झाली. दोन तास लागले. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी पहिल्यांदा त्याला कोपर किंचित वाकवायला आणि दंडाच्या बाहेरच्या बाजूला स्पर्श कळतो का ते सांगायला लावलं. दोन्ही ठीक. तुमच्यामुळे मला कळत होतं की ते नसा तपासतायत. एक्स-रेत दोन स्क्रू शेजारी शेजारी दिसतात. आई तो एक्स-रे खिडकीपाशी धरून बघत होती.

डावा कोपरा – ६ जुलै, रात्री ८:४०

फार बरं वाटलं. पहिल्या दहा रात्री त्याच्याजवळ कुणीतरी झोपा. हाक मारायची वेळ येणार नाही, पण त्याला झोप लागेल.

कृष्णाकाठ – १८ सप्टेंबर, रात्री १०:३०

अकरा आठवडे झाले. हात डोक्यापर्यंत जातो, कपाळावरचे केस स्वतः मागे करतो. मिरवणुकीत ढोल बांधायचा नाही असं सांगितलं होतं. तो कडेकडेने चालला, हात खिशात घालून. मित्रांनी ताशा पुढे केला तरी घेतला नाही. तंबाखूची पुडी मला तरी दिसलेली नाही. व्रणाच्या खाली थोडी बधिर जागा आहे.

हालचाल – १९ सप्टेंबर, सकाळी ७:१०

व्रणाभोवतीचा बधिरपणा बहुतेकदा हळूहळू कमी होतो, पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा. आता पाठीच्या फऱ्याचे व्यायाम मनापासून करायला लावा. बशी फऱ्याचाच भाग आहे. फरा डगमगला तर बशीही डगमगते.

कृष्णाकाठ – ३० ऑक्टोबर, रात्री ९:२५

सीटी झाला. हाड जुळलंय. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं, जुन्या आणि नव्या हाडातली फट आता नीट शोधावी लागते. बाहेर वळवताना डाव्यापेक्षा दहा-बारा अंश कमी. धावणं, दंड-बैठका सुरू. मॅटवर पकडीचा सराव जानेवारीच्या आधी नाही, आणि तोही दोन्ही खांद्यांची ताकद मोजून.

काल बाबांनी स्टुलावर चढून आकाशकंदिलाची वायर ओढली आणि याने खालून उजव्या हाताने कंदील वर धरला. चार-पाच मिनिटं तरी. आई दारात उभी होती, काही बोलली नाही.

एसटीत मात्र अजून दांडी डाव्या हातानेच धरतो. हे जाईल का?

डावा कोपरा – ३१ ऑक्टोबर, सकाळी ६:४०

मला दीड वर्ष लागलं, ताई. आधी उभ्या एसटीत उजव्या हाताने धरायचो, चालू झाली की हात बदलायचो. त्याला घाई करू नका. जानेवारीत मॅटवर जाईल तेव्हा पहिल्या दिवशी मला कळवा, जवळ असेल तर मी येतो. डावा कोपरा मी धरीन.